टिळ्याची सोंगटी

रुखमा सोंगटी अशी सरकवायची, जणू गाभण गाय हाकते आहे. सत्यभामाबाईला सुनेचं हेच खपत नव्हतं. पटावर बसलेल्या माणसानं इतकं भित्रं असावं?

दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेचा दुसरा दिवस. अड्याळहून ईनबाई, म्हणजे लेकीची सासू गोदावरीबाई, जावेला घेऊन पाहुणी आली होती. जेवणं झाल्यावर ओसरीवर पट अंथरला. सत्यभामाबाईच्या आईनं लाल कापडावर काळ्या दोऱ्यानं घरं शिवलेला. एका बाजूला सासू-सून, दुसऱ्या बाजूला पाहुण्या. प्रत्येक बाजूला चार सोंगट्या, कवड्या आळीपाळीनं. "हरलो तर पट सालभर अड्याळले न्या," असं सत्यभामाबाईच तोऱ्यात बोलून बसली होती.

तिचा सगळा खेळ एकाच सोंगटीचा. तिला हळदीचा टिळा लावून ती 'सरदार' म्हणायची. आपलं प्रत्येक दान सरदाराला. रुखमा मात्र आपल्या दानावर घरात बसलेल्या बाकीच्या तीन सोंगट्या बाहेर काढी.

"काहून वं, सगळ्यायले घेऊन बाजारले जाऊन राहिली का?"

"आत्याबाई, धानाची एकच बांधी रोवून साल निघते का?"

गोदावरीबाई खुदकन हसली. सत्यभामाबाईला ते झोंबलं.

सरदार फुलीच्या घरात होता. तिथं सोंगटी मारता येत नाही. रुखमाचं दान पडलं. तिचा हात मागच्या सोंगटीकडे गेला.

"सरदाराले पळव! मायबापानं आयकाले नाही शिकवलं का तुले?"

पाहुण्यांसमोर रुखमाचे कान लाल झाले. तिनं सरदार फुलीवरून उचलला आणि पुढं उघड्यावर ठेवला.

गोदावरीबाईनं कवड्या टाकल्या, घरं मोजली आणि सरदार सत्यभामाबाईच्या पदरात टाकला. "घ्या ईनबाई, तुमचा नवरदेव वापस आला."

"हिनंच मारला!" सत्यभामाबाईनं सुनेकडे बोट केलं. पण रुखमाकडे कोणीच पाहिलं नाही. सगळ्या सत्यभामाबाईकडेच पाहत होत्या. बोट कुठं ठेवावं, तिला कळेना.

डाव गेला. पटाची घडी तिनं स्वतः घातली. कोपऱ्यात आईचा एक चुकलेला टाका होता, तो बोटाला लागला.

"राहू द्या, ईनबाई. थट्टाच होती," गोदावरीबाई म्हणाली.

"बोलली ते बोलली. न्या."

पाहुण्या एस्टीला गेल्या. रुखमा मान खाली घालून कवड्या वेचत होती. सत्यभामाबाई तिच्यासमोर खाली बसली, टिळ्याची सोंगटी तिच्या हातावर ठेवली. सुनेच्या तोंडाकडे पाहणं मात्र तिला जमलं नाही.

"रुखमे, पुढच्या साली अड्याळले जाऊन पट तूच जिंकून आणजो. तुह्या मनानं खेळजो. अन् मी मधात तोंड घातलं, तर पाहुण्यायसमोर मले पटावरून उठवजो."