आमच्या एरियात येत न्हाई

पेढे वाटायची अक्कल मला कुणी दिली, त्याला आधी जोड्यानं हाणलं पाहिजे. अन् ती अक्कल माझीच हुती, म्हणून तर जास्त जीव जळतो.

ब्याऐंशी सालची गोष्ट. म्या साहेबराव, किल्लारीकडला. लातूरला राहून दुसऱ्याचे ट्रक हाकायचो, मिसरूड फुटल्यापासून तेच. त्या साली पावसानं दगा दिला अन् ट्रक उभे राहिले. पण दुष्काळी कामावर फिरायला साहेबलोकांना भाड्यानं जीप पाहिजे हुत्या. बँक कर्जाला हाव म्हणली. सोलापूरच्या एजन्सीत म्या नंबर लावून ठिवलेला, कारण लातूर तवा उस्मानाबाद जिल्ह्यात, अन् उस्मानाबाद त्यांच्या एरियात. नंबर जवळ आलता. जल्मात एकदा स्वतःची गाडी! माझ्या अन् बायकोच्या, सिंधुच्या, तोंडी दुसरी बातच नव्हती.

तेवढ्यात ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. फटाके काय, गुलाल काय! नव्या कलेक्टर कचेरीतून निरोप आला, दिवाळीच्या आत जीप आणा, ठेका तुमचा. खुशीत म्या पेढे घेतले अन् सोलापूरची येस्टी धरली.

एजन्सीचे मॅनेजर गुरुपादप्पा, भला माणूस. पेढा तोंडात टाकून म्हणले, "काय साहेबराव, पोरगं झालं का?"

"जिल्हा झाला की जी! आता आम्ही लातूर जिल्हेवाले!"

ते चावायचे थांबले. "म्हणजे उस्मानाबादेतून निघालात?"

"हाव, कायमचं!"

"मग हो, आमचा एरिया उस्मानाबाद. लातूर जिल्हा आमच्या एरियात येत नाही. तुमचा नंबर रद्द करावा लागतो." असं म्हणले, अन् दुसरा पेढा उचलला.

"आवो, गाव हाय तिथंच हाय! जमीन का उचलून नेली कुणी?"

"तुम्ही सांगितलं नसतं तर मी देऊन टाकली असती हो. आता कळल्यावर कसं देऊ? कंपनी आमची एजन्सी काढून घेईल."

आ बैल मुझे मार, दुसरं काय!

मग नांदेड गाठलं. तिथला एजन्सीवाला म्हणला, "लातूर आम्हाला मिळणार म्हणतात, पण कंपनीचा हुकूम आला न्हाई."

"कवा येईल?"

"तेच तर आम्ही बी इचारून राहिलो."

पुन्हा गेलो, पुन्हा तेच. विष्णुपुरीच्या धरणाचं काम तेवढं बघून झालं, बाकी खेटे फुकट.

सिंधु चिडली. म्हणली, "दुकानदाराच्या कशाला पाया पडताव? जीप जो करतो त्यालाच मागा की. कुंभाराच्या घरून मडकं आणतोच की आपण."

पटलं. मुंबईच्या बाहेर कंपनीचा कारखाना, तिथंच गेलो. फाटकातनं जीपाच जीपा दिसल्या, ओळीनं उभ्या, धूळ खात. आतला साहेब पंख्याखाली बसून लई गोड बोलला. "आम्ही गिऱ्हाइकाला थेट गाडी विकत नाही. आपल्या जिल्ह्याच्या डीलरकडे जा."

"आमच्या जिल्ह्याला डीलरच न्हाई साहेब."

"मग डीलर नेमल्यावर जा."

"तवर दिवाळी निघून जाईल! गाडी तुमची, पैसा माझा, मधी कुणाचं काय अडलंय?"

"पद्धत आहे."

पद्धत! माझं टकुरं सणकलं. आमच्या बापजाद्यांनी हिरीच्या काठावर उभं राहून वाट बघितली, कुणीतरी वरून पाणी वाढील म्हणून. ती बी पद्धतच हुती. छप्पन्न साली धम्म घेतला अन् तसल्या पद्धती मोडल्या आम्ही. म्या त्याच्या तोंडावर बोललो हे. त्यानं चपराशाला हाक मारली अन् मला फाटकाबाहेर काढलं.

दिवाळीच्या तोंडावर लातूरला डीलर नेमला एकदाचा. शेषेराव. गंजगोलाईत त्यांचं खताचं दुकान. जीपमधलं त्यांना ढेकळं कळत न्हाई, पण हात वरपर्यंत. म्या पळतच गेलो. दुकानापुढं नवीकोरी जीप उभी!

"शेषेराव, ही माझ्या नावावर करा. बँकेचा कागद आणलाय."

"बस, बस. डीलर मी, तर पहिली गाडी माझी. काल कलेक्टर कचेरीला भाड्यानं लावली ही. तुझा बी नंबर लावतो, पुढल्या साली मिळंल."

"आवो, तो ठेका माझा हुता!"

"जीप कुठं हुती तुझ्याकडं? त्यांनी कवर थांबायचं?" अन् त्यानं किल्ली पुढं केली. "ड्रायव्हर पाहिजे मला. तुझ्यासारखा हात इलाख्यात कुणाचा न्हाई. आत्ताच कचेरीत नेऊन लाव."

तेल बी गेलं, तूप बी गेलं, हाती धुपाटणं आलं. किल्ली त्याच्या तोंडावर फेकावी असं लई वाटलं. पण ट्रक उभे, घरात ज्वारी सरत आलेली. गुमान जीपमधी बसलो. माझी मलाच लाज वाटून राहिली.

कचेरीचा रस्ता आमच्या गल्लीवरनं. सिंधु नुकतीच टँकरवरनं घागर भरून दारात आली हुती. जीप बघितली अन् ओरडलीच, "आली गं बाई! आमची जीप आली!" शेजारणी धावत आल्या. म्या गाडी थांबवली, पण त्यांच्या गलक्यात माझं कुणी ऐकंना. नव्या गाडीच्या चाकावर पाणी वतायची आमच्याकडं रीत. लोकांनी एक तांब्या वतला असता. हिनं अख्खी घागर उचलली, उद्यापर्यंत पुरवायचं पाणी.

"सिंधे, नगं वतू! आपली न्हाई ती! शेषेरावाची हाय, म्या नुसता ड्रायव्हर!"

घागर उपडी झाली हुती. पाणी चाकाखालनं नालीकडं चाललं. सिंधुनं शेजारणींकडं बघितलं, माझ्याकडं न्हाई. "चालवणार तर हेच हायत," असं त्यांना म्हणली, अन् रिकामी घागर कमरेला लावून पुन्हा टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.