चासीचा हातभर तुकडा

मी एक जुनी चासी आहे. एका मोठ्या, महागड्या गाडीच्या पोटाखाली माझं आयुष्य गेलं. आता दगडाच्या खाणीतल्या वर्कशॉपच्या भिंतीला टेकून मी पडून असते. अंगावर बॉडी नाही, खाली चाकं नाहीत. पुढच्या डाव्या अंगाचा हातभर तुकडा तर माझ्याजवळही नाही. तो गॅसच्या ज्योतीनं कापून नेला. मित्रांनो, ही त्या तुकड्याची गोष्ट आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी चासी पाहिली नसेल. शिडी जमिनीवर आडवी ठेवली तर कशी दिसेल, तशी मी दिसते. दोन लांब जाड दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. इंजिन माझ्यावर बसतं, चाकं मला लटकतात आणि माणसं बसतात ती बॉडी वरून आणून बोल्टांनी माझ्यावर कसतात. बोल्ट काढले की ती वेगळी, मी वेगळी. एका गाडीत आम्ही अशा दोघी राहत होतो.

माझा जन्मच मारातून झाला. कारखान्यात जाड पोलादाचा पट्टा प्रेसखाली धरला आणि एका दणक्यात वाकवला. मग अंगभर भोकं पाडली आणि त्यांत रिबिटं ठोकली. काळ्या रंगात बुडवून वाळवलं आणि वर बॉडी ठेवली. तिला चामड्याच्या सीटा, चकचकीत लाकडाच्या पट्ट्या आणि थंडगार हवा मिळाली. माझ्या वाट्याला ग्रीस आलं.

मला घेतलं ते खाणीच्या मालकांनी. हा माणूस तरुणपणी स्वतः घण मारून दगड फोडायचा आणि त्यातूनच वर आलेला होता. कोणतीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. दार, टेबल, पाण्याची टाकी, सगळ्यांवर बोटाची पेरं आपटायचे. गाडीच्या दुकानातही ते सीटवर बसले नाहीत. खाली वाकले, पान्यानं माझ्या अंगावर एक ठोका दिला आणि कान लावून ऐकलं. ठण्ण असा आवाज आला. "हीच," म्हणाले.

खाणीतलं जगणं म्हणजे रोजची मारामारी. रस्ता नव्हताच, नुसते दगड. एक चाक खड्ड्यात आणि एक ढिगावर गेलं की मी पिळवटून निघायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. दुपारी सुरुंग उडायचा. त्याआधी फाटकावर टांगलेला लोखंडी पत्रा घणानं बडवत, म्हणजे माणसं कामं टाकून लांब पळत. मग डोंगर फुटे आणि खडे पावसासारखे आमच्या टपावर पडत. एकदा एक डंपर मागे येता येता माझ्यावर आदळला. त्याचाच मागचा आडवा दांडा वाकला, मला काही झालं नाही. मालकांनी ती गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्या वेळा सांगितली की पुढे पुढे डंपरचा आकार वाढत गेला. माझं नाव 'हत्ती' पडलं.

गाडी चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणत आणि त्यांच्या बायकोला मामी. मालकांची लहानगी लेक, घरातली ठमी, तिनंच ही नावं पाडली होती. माझं तोंड ओळखणारा माणूस म्हणजे फक्त मामा. दर आठवड्याला ते माझ्याखाली शिरायचे, पाण्याचा पाइप घालून माझ्या पोकळ दांड्यांतला चिखल धुऊन काढायचे, ग्रीस भरायचे. पुढच्या डाव्या अंगावर ग्रीसची जागा पटकन सापडावी म्हणून त्यांनी लाल रंगाचा एक ठिपका दिला होता. मालकांची गाडी वरून आणि माझी खालून, असं ते हसत म्हणायचे.

एका भर दुपारी मामा एकटेच गाडी घेऊन उतारावरून येत होते. वळणावर दगडांनी भरलेला ट्रक रस्त्यात आडवा थांबला होता. ब्रेक लागले, चाकं घासत गेली, आणि मी सरळ त्याच्या पोटात शिरले.

मित्रांनो, तेव्हा काय झालं ते मी जसंच्या तसं सांगते. मी वाकले नाही. मी वाकणाऱ्यांतली नव्हतेच. ट्रकचा धक्का मी माझ्यात ठेवून घेतला नाही, तो तसाच मागे पाठवला. बॉडीचे बोल्ट तुटले आणि ती माझ्यावरून वीतभर पुढे घसरली. स्टिअरिंगचा दांडा मला जोडलेला होता, तो तसूभरही हलला नाही. पट्टा बांधलेला असूनही मामांची छाती त्या दांड्यावर गेली. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. लोक धावत आले तेव्हा दार एका हातानं उघडलं. त्याचंच सगळ्यांना नवल वाटलं. मामा तोवर गेले होते.

मालक वाईट माणूस नव्हते. दोन दिवस त्यांनी घास घेतला नाही. मामीला त्यांनी फाटकावर काम दिलं: गाड्या आत-बाहेर सोडायच्या आणि सुरुंगाआधी पत्रा बडवायचा. पण मला ओढून वर्कशॉपमध्ये आणलं, त्या दिवशी त्यांच्यातल्या जुन्या सवयीनं उचल खाल्ली. त्यांनी पान्यानं माझ्या अंगावर ठोका दिला. तोच ठण्ण आवाज. "गाडीला काही झालेलं नाही," ते मिस्त्रीला म्हणाले. मामांच्या चपला गाडीत राहिल्या होत्या, त्या न्यायला आलेली मामी मागेच उभी होती.

"दिसतंय, मालक," ती म्हणाली. चपला पदराखाली धरून ती निघून गेली.

माझ्यावर दुसरी बॉडी चढली. नवा ड्रायव्हर आला. तो रोज काचा पुसायचा, चामड्याला पॉलिश करायचा, पण माझ्याखाली कधी शिरला नाही. चिखल माझ्या पोकळ दांड्यांत साचत गेला, भिजत गेला. आतून गंज माझं मांस खात होता आणि वरून लोक गाडीची वाहवा करत होते. शेवटी मागचा दांडा इतका कुजला की मिस्त्रीनं पेचकस टेकवला तर तो आरपार गेला. बोल्ट काढून बॉडी विकली. इंजिनही गेलं. मला भिंतीशी लावून ठेवलं. पुढचा भाग मात्र तसाच शाबूत होता. मामांचा लाल ठिपकाही.

ठमी मोठी झाली. दातांची डॉक्टर झाली. तिचा दवाखाना डोंगराखालच्या शहरात होता, त्यामुळे रोज तो उतार उतरायचा. तिनं स्वतःसाठी नवी मोठी गाडी घेतली. दिसायला माझ्या गाडीच्या वरचढ, पण घडण निराळी. तिच्यात चासी वेगळी आणि बॉडी वेगळी असा प्रकार नव्हता. तळ, खांब, टप सगळं सांधून एकच अंग.

मालकांनी तिच्या दारावर पेरं आपटली. टप्प असा आवाज आला. मग ते जमिनीवर आडवे होऊन खाली बघू लागले, आणि उठले तेव्हा चेहरा उतरला होता.

"ठमे, हिला कणाच नाही. गाडी घेतलीस की बिस्किटाचा डबा?"

ठमीनं त्यांना नीट समजावलं. खाणीतल्या दगडांत तिची गाडी हत्तीसारखी टिकणार नाही, हे तिनं आधीच मान्य केलं. पण तिला दगडांत जायचंच नव्हतं. या गाडीचं नाक चुरगळण्यासाठीच केलेलं असतं, ते मार खातं, आणि माणसं बसतात ती मधली खोली कडक असते, असं ती सांगत होती. मालकांनी मान हलवली. त्यातलं एक अक्षर त्यांना पटलं नव्हतं. चुरगळायला कोणी गाडी घेतं का, असं ते दिवसभर ज्याला त्याला विचारत फिरत होते.

आणि मग भीतीनं त्यांना एक गोष्ट सुचली. ठमी आईबरोबर पाहुण्यांकडे गेली होती, गाडी खाणीवरच होती. त्यांनी वेल्डरला बोलावलं. शर्टाला जागोजागी जळकी भोकं असल्यामुळे त्याला सगळे ठिणगी म्हणत. मालकांनी त्याला माझ्यासमोर आणून उभं केलं. हत्तीचा चांगला भाग काढायचा आणि पोरीच्या गाडीच्या नाकात, बंपरपासून इंजिनामागच्या भिंतीपर्यंत, वेल्ड करून टाकायचा, असं ठरलं.

ज्योत माझ्या अंगाला लागली. पोलाद आधी लाल झालं, मग पांढरं, मग पाण्यासारखं वाहू लागलं. ठिणग्या माझ्याच अंगावर पडत होत्या. शेवटचा धागा तुटेना तेव्हा ठिणगीनं घण घातला. हातभर तुकडा जमिनीवर पडला आणि धुरळ्यात फुसफुसत निवत राहिला.

ठमीच्या गाडीचा बंपर काढून ठेवला होता. ठिणगीनं आत डोकावलं आणि तो जरा थबकला. "मालक, इथल्या दांड्यांना मुद्दाम घड्या घातल्यासारख्या दिसतात."

"घड्या आहेत ना? मग भर त्यात लोखंड."

तेवढ्यात मामी सुरुंगाची वेळ झाली म्हणून सांगायला आली. तिची नजर जमिनीवरच्या तुकड्यावर गेली. त्यावर लाल ठिपका होता. तिनं वाकून त्यावर बोट ठेवलं. लोखंड अजून गरम होतं, तरी तिनं बोट लगेच उचललं नाही.

"हे कुठं बसवताय?"

मालक म्हणाले, "पोरीच्या गाडीत. मग काही झालं तरी गाडीला काही होणार नाही."

"त्यांच्या वेळीही गाडीला काही झालं नव्हतं," मामी म्हणाली. "दार एका हातानं उघडलं होतं."

मालकांचा चेहरा लाल झाला. या बाईवर ते कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "मग काय करू, मामी? पत्र्याच्या भरवशावर सोडून देऊ तिला?"

"कुणीतरी मोडायचंच असेल, तर गाडी मोडू दे, मालक."

त्यांनी घण उचलला. मामीला दाखवायचं होतं की स्वतःलाच, मला ठाऊक नाही. त्यांनी माझा तुकडा दगडावर ठेवला आणि तरुणपणी मारत तसे सगळ्या जोरानं घाव घातले. एक, आणखी एक, आणखी. तुकडा ठणठणत राहिला, त्यावर पोचा आला नाही. पण प्रत्येक घावाचा हादरा घणाच्या दांड्यातून त्यांच्या मनगटात, मनगटातून खांद्यात चढत होता. शेवटच्या घावाला घण हातातून निसटला. बोटं बधिर झाली होती, तळहात फाटून रक्त येत होतं. ते तुकड्याकडे बघत राहिले, मग हाताकडे. दगड फोडणाऱ्या माणसाला बोलून पटत नाही, हाताला बसलं की पटतं.

"ठिणगी, बंपर जागेवर लाव," ते अगदी हळू म्हणाले.

पुढचा उन्हाळा संपत आला होता. एका सकाळी टोइंगचा ट्रक फाटकातून आत आला, आणि त्याच्या मागे लटकत होती ठमीची गाडी. गाडी कसली. नाक उरलंच नव्हतं. इंजिन खाली दबलं होतं, एक चाक दारापर्यंत मागे आलं होतं, पत्रा कागदाच्या बोळ्यासारखा चुरगळला होता आणि त्यातून तेल ठिबकत होतं.

मालक ऑफिसमधून बाहेर आले. त्यांना कोणी काही कळवलं नव्हतं, कारण ठमीचा फोन अपघातात फुटला होता. ते गाडीला भिडले आणि फाटलेला पत्रा हातांनी ओरबाडू लागले. हात कापले, बाह्या रक्तानं भिजल्या. दार हिसकलं तर उघडलं. आतली खोली जशीच्या तशी होती. सीट जागेवर, स्टिअरिंग जागेवर, एअरबॅगच्या फुग्यांच्या रिकाम्या पिशव्या लोंबत होत्या. सीटवर कोणी नव्हतं. ते तिथंच मातीत बसले.

"बाबा, मी इकडे आहे."

टोइंगच्या ट्रकच्या पुढच्या केबिनमधून ठमी उतरत होती. नाकातून रक्त आलेलं, डावं मनगट सुजलेलं, पायात एकच चप्पल. उतारावर भरधाव ट्रक तिच्या अंगावर आला होता. मालक उठले नाहीत. त्यांनी बसल्या जागेवरून तिचा अनवाणी पाय दोन्ही हातांनी धरला.

"डबाच निघाला की गं," ते म्हणाले. हसत होते की रडत होते, कळत नव्हतं.

"डबा गेला, बाबा. बिस्किट शाबूत आहे."

मामी फाटकाशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. मामा गेल्यापासून तिला रडताना मी पाहिलं नव्हतं.

त्या गाडीला काही दिवसांनी भंगारवाला घेऊन गेला. तिला दाबयंत्रात घालून चौकोनी ठोकळा करतात म्हणे. ती नवी होती, तिनं फार जग पाहिलं नाही. मी कितीतरी वर्षं जगले, दगडांत जगले, आणि टिकण्याचा मान माझाच आहे. तरी तिची आठवण आली की मला माझ्या ठण्ण आवाजाचा पूर्वीसारखा गर्व वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या गाडीचा वरचा रंग पुसाल, तेव्हा एकदा खाली वाकून बघा. चिखल धुवा. पट्टा बांधा. जी जागा मोडण्यासाठी केली आहे तिच्यात हौसेनं लोखंड भरू नका. आणि कुठे अपघात झाला तर गाडीला काय झालं हे सगळ्यांत शेवटी विचारा.

माझ्या तुकड्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. फाटकावरचा जुना पत्रा तडकून घोगरा झाला होता. मालकांनी तो काढला आणि माझा तुकडा साखळीनं तिथं टांगला. वाजवून मात्र बघितला नाही. आता दुपारी सुरुंगाची वेळ झाली की मामी घण उचलते आणि लाल ठिपक्याच्या बाजूलाच घाव घालते. ठण्ण. ठण्ण. ठण्ण. खाणीच्या तळाशी वाकलेली माणसं ताठ होतात, कामं टाकून लांब पळतात. मामी सगळ्यांची डोकी मोजते, मग डोंगर फुटतो.

मी इथं भिंतीशी पडल्या पडल्या तो आवाज ऐकते. रोज मार खाते मी, आणि संध्याकाळी सगळे घरी जातात.