पहिला घास टिप्याला

माझ्या सासूला पाच वर्षं वाटत होतं की तिला मोठी पुण्यवान सून मिळाली. झुंबरबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. ताट पुढ्यात आलं की मी भाकरीचा पहिला तुकडा मोडायचे, कालवणात बुडवायचे आणि दारातल्या टिप्या कुत्र्याला टाकायचे. मग ताटावर ताट झाकून मागचं आवरायला उठायचे. आत्याबाई साऱ्या आळीला सांगत सुटायच्या, "आमची मनकर्णा मुक्या जनावराला घास घातल्याबिगर तोंडात पानी घेत न्हाई. शिका जरा!" आळीतल्या सुना माझ्या नावानं बोटं मोडायच्या.

कसलं पुण्य नि कसलं काय! मी भांडी आवरता आवरता टिप्याकडं बघत असायचे, मरतोय का ते.

हे मला माझ्या चुलतीनं शिकवलं. आक्काबाई. कर्जतकडच्या एका वस्तीवर तिनं मला एकटीनं वाढवलं. मी दीड वर्षाची असताना आई गेली, मग वडील गेले, चुलता तर आधीच गेला होता. तेवढ्या मोठ्या घरात आम्ही दोघीच. आक्का म्हणायची, "तुझ्या आईला तिच्या भावानं मारलं, मनू. पेढ्यातून घातलं. आता तुझ्यावर डोळा हाय त्याचा." मामा कशाला मारील, हे मी कधी विचारलं नाही. आक्का सांगते म्हणजे तसंच असणार. मला दुसरं सांगणारं होतंच कोण?

तिचे नेम होते. शाळेतल्या माठाचं पाणी प्यायचं नाही. कुणाच्या हातचं खायचं नाही. कुणाकडं पाठ करून बसायचं नाही. पंधरा ऑगस्टला गुरुजींनी लाडू दिला तर तो मी मुठीत धरून घरी आणायचा आणि आक्कानं चुलीत टाकायचा. घरचं सोडून कुठं खायची वेळ आलीच, तर पहिला घास कुत्र्याला. "कुत्रं खाऊन उठलं, आंग झाडलं, आंगनात दोन चकरा मारल्या, की मग जेवायचं," ती सांगायची. लोक म्हणतात दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. माझं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी मी जन्मभर फुंकत होते.

आणि मी डोळ्यांनी पाहिलं होतं ना! मी आठ वर्षांची असेन. दिवाळीला मामा आला, राधाकृष्ण मामा. दर दिवाळीला यायचा, अंगणात उभा राहायचा, आक्का दार लावून घ्यायची आणि मी फटीतून बघायची. त्या वर्षी तो उंबऱ्यावर परकर-पोलक्याचं कापड आणि लाडवांचा डबा ठेवून गेला. आक्कानं एक लाडू कुस्करून माझ्यादेखत तांबड्या कोंबडीला टाकला. सकाळी कोंबडी डालग्याखाली मरून पडलेली. मान एका अंगाला तिरकी. आक्कानं मला जवळ ओढून छातीशी धरलं. "बघितलंस? आता कळलं का कोन कुनाचं हाय ते?" मी तिच्या लुगड्यात तोंड खुपसून रडले. जगात ही एक बाई आहे म्हणून मी जिवंत आहे, असं मला त्या दिवशी वाटलं.

पुढं चुलत्यांच्या भावकीनं जोर करून माझं लग्न लावलं, कोपरगावकडं. पाटाचं पाणी, ऊस, भरलं घर. नवरा गहिनीनाथ, गाईसारखा गरीब माणूस. पण मी त्यानं आणलेल्या भज्यांचाही वास घ्यायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवातले तीळगूळ पदराला बांधून आणायची आणि पाटात सोडून द्यायची. बायका म्हणायच्या, शिष्ट आहे. असू दे शिष्ट. जिवंत तर आहे! आत्याबाई माझ्या केसांना तेल लावायला यायच्या तर मी वाटी आधी हुंगायची. त्या हसायच्या. "खोबरेलच हाय गं बया, रॉकेल न्हाई."

मग पुष्पा झाली. पुष्पावती. तिला मी काय शिकवलं असेल? खोटं कशाला बोलू, सगळं शिकवलं. कानात, हळू आवाजात, अंगाईसारखं. "आज्जीनं दिलं की आधी टिप्याला. टिप्या उठला, आंग झाडलं, दोन चकरा मारल्या, की मग आपन." पोर चार वर्षांची होईतो पोपटासारखी बोलायला लागली. आत्याबाईंना वाटायचं, आईवर गेली, दयाळू आहे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कर्जतकडं प्यायला पाणी राहिलं नाही. आमचे मालक स्वतः एस्टीनं जाऊन आक्काला घेऊन आले. आत्याबाईंनी दारात तिच्या पायावर पाणी घातलं, म्हणाल्या, "इहीनबाई, घर तुमचंच हाय."  आक्कानं लिंबाखाली तीन दगड मांडले आणि स्वतःची भाकरी स्वतः थापायला लागली. आत्याबाईंनी वाढलेलं ताट दोन दिवस तसंच परत आलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाढायचं सोडलं.

"एवढी गोड बोलती," आक्का मला म्हणायची, "बिनमतलबाचं कोन गोड बोलतं गं?"

माझ्या मनात पुन्हा सगळं जागं झालं. आत्याबाई दुधावरची साय पुष्पालाच का देतात? माझ्याआधी पोरीला का जेवू घालतात? रात्री कुणाशी कुजबुजतात? गोठ्यातल्या गाईशी बोलायच्या बिचाऱ्या, पण मला तेव्हा सगळ्याचा वास यायला लागला होता.

अशात पुष्पा आजारी पडली. सोमवारी दुपारी उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. आदल्या दिवशी आत्याबाईंनी तिला गुळाचा सांजा दिला होता. उरलेला सांजा वाटीत होता. आक्कानं वाटी उचलली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि दोन चमचे अंगणातल्या तुऱ्याच्या कोंबडीला टाकले. 

मंगळवारी सकाळी कोंबडी डालग्याखाली मेलेली होती.

 आत पोर निपचित पडलेली. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. मालक पहाटेच सायकलवर कोपरगावच्या डॉक्टरकडं जाऊन आले होते. तांबड्या औषधाची बाटली, वर चिकटवलेल्या कागदाच्या पट्टीवर कातरलेले डोस. डॉक्टरनं सांगितलं होतं, औषध द्या, त्यावर तांदळाची पेज मीठ-साखर घालून चमच्या-चमच्यानं पाजा. दुपारपर्यंत पोटात पाणी टिकलं नाही तर पोर हातची जाईल, तडक घेऊन या. ते गाडी-बैल बघायला गेले होते. मी कोंबडी पायाला धरून उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन आत्याबाईंच्या पुढ्यात आपटली.

"काय घातलंत माझ्या लेकीला?" मी ओरडले. "सांगा! काय घातलंत सांज्यात?"

आत्याबाई पेज ढवळत होत्या. त्यांना आधी काही उमजलंच नाही. माझ्याकडं बघितलं, कोंबडीकडं बघितलं. माझ्यामागं दारात आक्का येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, आता बाई रडेल, नाहीतर शिव्या देईल. त्यांनी पळी खाली ठेवली, कोंबडी मांडीवर घेतली. चाळीस वर्षं कोंबड्या पाळलेली बाई ती. मानेवरची पिसं बाजूला सारून त्यांनी बोटं फिरवली.

"मनकर्णा, हात लाव हितं."

"मला न्हाई लावायचा."

"लाव म्हनते ना!"

पाच वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी हात लावला. कातड्याखाली मणका तुटून खडबडीत लागत होता. मान सैल होती आणि एका अंगाला तिरकी पडत होती.

"इख खाल्ल्याली कोंबडी न्हाई ही," आत्याबाई म्हणाल्या. "हिची मान मुरगाळलीया. मानसाच्या हातानं."

एका अंगाला तिरकी. मी पंधरा वर्षं मागं गेले. तीच मान, तसंच डालगं, तशीच सकाळ. मी वळून दारात बघितलं. आक्कानं हात पदराखाली घेतले होते.

"आक्का, ती तांबडी कोंबडी..."

"कोनती?"

"मामाच्या लाडवाची."

 मी तिचे दोन्ही खांदे धरून हलवले. "बोल! मामानं आईला मारलं का? खरं सांग, तुला तुझ्या कुळदैवताची आन हाय!"

"पटकीनं गेली तुझी आई," आक्का म्हणाली. आवाज अगदी साधा, जसं आज बाजार आहे म्हणून सांगावं. "गावात सात मानसं गेली तवा. तुझा मामा तुला न्यायला आल्ता. दर साल यायचा. तू हासून गेली असतीस त्याच्यासंगं. मग मी काय करायचं व्हतं, मनू? त्या घरात कुनाशी बोलायचं व्हतं?"

"आणि आज?"

"आज बी तू माझ्याकडं बघत न्हवतीस," ती म्हणाली. "पोरगी बघ, सासू बघ, नवरा बघ. मी हाय का न्हाई घरात?"

मला वाटलं तिच्या झिंज्या उपटाव्यात. मला वाटलं तिच्या गळ्यात पडावं. मेलं, दोन्ही एकदम वाटलं. मामा आठवला, उंबऱ्यावर कापड ठेवून जाणारा. त्या कापडाचा रंगसुद्धा मला माहीत नव्हता, आक्कानं ते जाळलं होतं. मी काही करायच्या आत आतून पुष्पा कण्हली आणि आत्याबाई औषधाची बाटली घेऊन धावल्या.

त्यांनी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. चमचा भरून ओठांशी नेला. पुष्पानं दात घट्ट मिटले.

"घे गं माझ्या बाई. एकच चमचा."

पुष्पानं तोंड फिरवलं. "आदी टिप्याला."

"औषध हाय बाळा, कुत्र्याला न्हाई घालत."

"आदी टिप्याला!" अंगात त्राण नव्हतं, तरी ओरडली. आत्याबाई घाबरल्या. म्हणाल्या, पोराचा हट्ट आहे, पुरवू. टिप्याला आत बोलावलं, चमचा त्याच्या पुढ्यात धरला. मी थांबवीपर्यंत व्हायचं ते झालं. टिप्यानं औषध हुंगलं, शिंकला आणि शेपूट खाली घालून बाहेर निघून गेला.

पुष्पानं ते बघितलं. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. पेजेची वाटी आणली तरी हात काढेना. आत्याबाईंनी बोटं सोडवायला बघितली तर पोर अशी किंचाळली की जणू कुणी तिचा जीव घेतंय.

"मनकर्णा," आत्याबाई माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "हे टिप्याचं काय हाय गं?"

त्यांच्या तोंडावरून मला कळलं, त्यांना उत्तर माहीत झालं होतं. पाच वर्षांचे सगळे घास त्यांच्या डोळ्यांपुढं येत असणार. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण लाजायला तरी वेळ कुठं होता? पोरीचे ओठ कागदासारखे झाले होते.

मी त्यांच्या पुढ्यात बसले. "आत्याबाई, मला पाजा."

"आं?"

"तुमच्या हातानं. औषध बी, पेज बी. आदी मला."

त्यांनी चमचा भरला. चमचा माझ्या तोंडाशी आला आणि देवाशप्पथ सांगते, माझे दात आपोआप मिटले. सगळं कळलं होतं, तरी मिटले. आक्का दारात उभी राहून बघत होती. मी डोळे बंद केले आणि तोंड उघडलं. औषध कडूजहर होतं. वर त्यांनी पेज घातली, गरम, जरा खारट. सासूच्या हातचा बिनतपासलेला माझा तो पहिला घास.

"बघ," मी पुष्पाला म्हणाले, "आईनं खाल्लं. आता तू घे."

पुष्पानं हात काढले नाहीत. तोंडावरच्या बोटांआडून माझ्याकडं टक लावून बघत राहिली. मी ओळखत होते ती नजर. मी रोज टिप्याकडं अशीच बघायची.

"ऊठ," ती बोटांआडून म्हणाली.

मी उठले.

"आंग झाड."

मी अंग झाडलं. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आता चकरा."

मी अंगणात गेले. ऊन रणरणत होतं, पाय भाजत होते. आक्काच्या तीन दगडांना वळसा घालून मी एक चकर मारली, मग दुसरी. दुसरीला आक्का माझ्या वाटेत आली, म्हणाली, "मनू, पुरे कर गं." मी तिला बाजूला सारून चकर पुरी केली आणि पोरीपुढं येऊन बसले, जिवंत.

पुष्पानं हात काढले. आत्याबाईंनी चमचा पुढं केला आणि तिनं तोंड उघडलं. एक चमचा, मग पेजेचा एक, मग आणखी एक. तोंड वाकडं केलं, पण थुंकली नाही. दुपारी मालक गाडी जुंपून आले तेव्हा पोटात पाणी टिकलं होतं, पोरीला लघवीही झाली होती. आत्याबाईंनी बैल सोडायला सांगितले.

पण त्या सगळ्या वेळात पुष्पानं आज्जीकडं एकदाही बघितलं नाही. ती माझ्याकडंच बघत होती. मी मरते का ते.