काळ्या मोटारीचे दिवे

काळ्या मोटारीचा उजेड कमी पडतो, असं किसनरावांचं मत झालं होतं. आणि किसनरावांचं एकदा मत झालं, की त्यांची बायको सुंदराबाईसुद्धा त्याच्या वाटेला जात नसे.

मोटार लढाईच्या आधीची, विलायतेहून आलेली. अमरावतीच्या ज्या डॉक्टरांकडे किसनरावांनी सारी उमर ड्रायव्हरकी केली, त्यांची. डॉक्टर वारले. बाईसाहेब लेकाकडे नागपूरला राहायला निघाल्या, तेव्हा किल्ली किसनरावांच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "तुम्हीच चालवली, तुम्हीच ठेवा." तेव्हापासून ती दारापुढच्या टिनाखाली उभी होती. सुंदराबाई तिच्या पाठीवर पापड वाळवायची.

मग लेक कौशल्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली आणि किसनराव टिनाखाली शिरले. पहिलटकरणीला तान्ह्यासकट सासरी पोचवायला बापानं जायचं, ही त्यांच्याकडची रीत. कौशल्याचं सासर अकोल्याचं. एस.टी.नं काय, कोणीही पोचवतं. आपण आपल्या मोटारीनं जायचं, स्टिअरिंग आपल्या हातात असायचं, एवढं एकच त्यांच्या मनानं घेतलं होतं.

इंजिन उघडलं, धुतलं, पुन्हा बसवलं. गाद्यांना नवं रेक्झिन घातलं. बंपरला निकेलचं पाणी चढवून आणलं, ते असं, की कौशल्यानं लेकीला पुढं धरलं तर त्यात तिचं चपटं, रुंद तोंड दिसायचं. येणारेजाणारे थांबायचे.

"किसनराव, नवरी सजवून राह्यले का?"

"नवरी कायची बाप्पा, इहीण हाय. म्हातारपणी नटली."

सगळं मनासारखं झालं. दिवे तेवढे होईनात. राजापेठेत पुंजाजीचं गॅरेज होतं. तो किसनरावांच्याच हाताखाली गाडी शिकलेला, त्यांना उस्ताद म्हणायचा. त्यानं आधी बल्ब बदलले. मग बॅटरी बदलली. मग वायरी ओढल्या. शेवटी मोठे, चकचकीत नवे दिवेच आणून बसवले, ताटाएवढे. दिवेलागणीला त्यानं बटण ओढलं आणि समोरच्या गोठ्याची भिंत पांढरीफेक झाली.

कौशल्या ओसरीवर लेकीला पाजत बसली होती. उजेड पडला तशी पोरीनं दूध सोडलं, डोळे गच्च मिटले आणि तोंड आईच्या पदरात खुपसलं.

"मंदच हायेत," किसनराव म्हणाले. "धुकट धुकट. डायनॅमो पाहा लागते, पुंज्या."

पुंजाजीनं एकदा कौशल्याकडं पाहिलं. मग खाली मान घालून तो पाने-पकडी पेटीत भरू लागला. "पाहू उस्ताद," एवढंच म्हणाला.

कौशल्यानं पोरीच्या डोळ्यांवर हात धरला. बापाकडं मात्र तिला पाहवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं लेकीला आईजवळ दिलं आणि बापाशेजारी जाऊन बसली. "मले दाखवा तरी, कशी चालते ते."

बडनेऱ्याच्या रस्त्यावर मोटार पाण्यासारखी चालत होती. गेअर कधी पडला ते कळत नव्हतं. किसनराव खुशीत होते. उन्हाची तिरीप समोरून येत होती. पुढं कापसाची बैलबंडी चालली होती, घराएवढी लादलेली, पांढरीशुभ्र. कौशल्याला वाटलं, आता वेग कमी करतील. आता करतील.

"बाबा, बंडी."

त्यांनी ब्रेक दाबला. बंपर बंडीच्या मागं हातभरावर थांबला. बंडीवाल्यानं मागं वळून दोन शिव्या दिल्या.

"कुठून आली व हे?" किसनराव हळूच म्हणाले. मग कपडा काढून त्यांनी समोरची काच पुसली, आतून पुसली, खाली उतरून बाहेरून पुसली. "काच जुनी झाली. हे बी बदलून टाकू."

घरी आल्यावर कौशल्या थेट चुलीपाशी गेली. सुंदराबाई भाकर थापत होती.

"माय, बाबाले दिसत नाही."

सुंदराबाईचा हात थांबला नाही. "मले ठाव हाय. ताट रोज एकाच जागी काहून मांडतो मी? पाण्याचा गिलास उजव्या हाताले काहून ठेवतो?"

"मंग बोलली काहून नाही?"

"कोन्या तोंडानं बोलू? जन्मभर मानसं त्याच्या भरवशावर डोळे मिटून झोपली त्या गाडीत. डॉक्टर असते तर त्यायनं दंडाले धरून बसवलं असतं दवाखान्यात. मी काय सांगू?" भाकर तव्यावर टाकून ती म्हणाली, "आता तूच पाह्य. लेकरू तुह्यं हाय."

निघायचा दिवस उजाडला. सुंदराबाईनं मोटारीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. कौशल्यानं पुंजाजीला बोलावून घेतलं होतं. तो धुतलेला सदरा घालून फाटकाशी उभा होता, आत यायला तयार नव्हता. किसनराव ड्रायव्हरच्या दाराची मूठ धरून होते.

"हा काहून आला?"

कौशल्यानं रात्रभर वाक्यं जुळवली होती. बाळ रडतं, मागं दोघं पाहिजेत, वाटेत गाडी बिघडली तर पुंजाजी बरा. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "दिवे चांगले हायेत."

किसनराव उभेच राहिले. सुंदराबाई नारळाचे तुकडे वेचायला खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"त्या दिवशी हे पोरगी डोळे मिटून घेत होती, एवढा उजेड होता." कौशल्यानं लेक पुढं केली. "इले घेऊन बसा. तुमीच पोचवून राह्यले आमाले. फक्त गाडी त्याले चालवू द्या."

किसनराव मोटारीच्या पुढच्या बाजूला गेले आणि नव्या दिव्याच्या कडेवरून बोटं फिरवत राहिले, जणू त्यावर काही लिहिलेलं वाचत होते. परत आले तेव्हा किल्ली त्यांनी पुंजाजीच्या अंगावर फेकली नाही, हातात दिली.

"क्लचवर पाय ठेवून बसशीन नोको," ते म्हणाले. "आनि मूर्तिजापूरच्या अलीकडं रस्ता खराब हाय. लेकरू हाय मांगं."

"हो उस्ताद."

ते मागच्या गादीवर बसले. इतक्या वर्षांत या मोटारीत ते कधी मागं बसलेच नव्हते. कुठं टेकावं, हात कुठं ठेवावेत, त्यांना उमगेना. कौशल्यानं पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली, तेव्हा हातांना काम मिळालं.

बडनेरा मागं पडलं. पुंजाजी जपून चालवत होता. पुलाआधी, गावाच्या तोंडाशी, वळणावर, पुंजाजीनं ब्रेक दाबायच्या जरा आधीच किसनरावांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा. सारा रस्ता त्यांच्या पायात होता. तिथं कौशल्याचं कपड्यांचं गाठोडं ठेवलेलं होतं आणि पाय पुन्हा पुन्हा त्याला अडत होता.

पोरगी आजोबाच्या मांडीवर झोपली होती. कौशल्या वाकली आणि गाठोडं तिनं हळूच आपल्याकडं ओढून घेतलं. त्यांच्या पायापुढं जागा मोकळी झाली.