मोठं कार्ड

सासूबाईंनी कॅमेऱ्याचं ते कार्ड तळहातावर ठेवलं, डोळ्यांजवळ नेलं आणि पुन्हा काउंटरवर टेकवलं.

"एवढ्याशा तुकड्याला एवढे पैसे? अहो, नखाएवढा तर आहे!"

"काकू, काढलेले फोटो राहतात कुठे? ह्याच्यातच," दुकानदार म्हणाला.

मागे उभी असलेली सून हसू दाबत होती. घासाघीस करावी तर सासूबाईंनीच, म्हणून तर तिने त्यांना सोबत आणलं होतं. स्वस्तातला कॅमेरा पुढे येताच त्यांनी आधी कार्डाची किंमत विचारली होती. त्याचं कार्ड दुसऱ्या कॅमेऱ्याच्या कार्डाहून दुप्पट महाग निघालं.

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" असं त्या म्हणाल्यावर दुकानदाराने तो कॅमेरा मुकाट्याने आत ठेवला. आता दुसरा घ्यायचा हे ठरलं होतं. कार्ड लहान की मोठं, एवढंच उरलं होतं.

"लहान पुरे," सून म्हणाली. "भरलं की जुने फोटो पुसायचे."

"कशाचे काढणार त्यावर आहे," दुकानदार म्हणाला. "घरगुतीच ना?"

सुनेने बोटांवरचे भाजल्याचे डाग मुठीत झाकले. तिचा स्वतःचा वेल्डिंगचा कारखाना होता. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी जिने. गिऱ्हाइकं नमुने मागत, म्हणून हा कॅमेरा. पण सासूबाई चारचौघांत 'सूनबाई ऑफिसात असते' असंच सांगत. तिने ते कधी खोडून काढलं नव्हतं, पण लागायचं दर वेळी. आताही तेच ऐकण्यापेक्षा आपणच 'हो, घरगुती' म्हणून मोकळं व्हावं, म्हणून तिने तोंड उघडलं.

"घरगुती कसले?" सासूबाई म्हणाल्या. "फाटकांचे. ही वेल्डिंग करते."

"ह्या? स्वतः?"

"मग काय मी करते? मोठं कार्ड द्या. हिच्या कामातलं काही पुसायचं नाही. आणि भाव नीट लावा."

सुनेचे कान तापले. दुकानदाराने कार्ड बसवलं आणि एक फोटो काढून बघा म्हणत कॅमेरा तिच्यापुढे धरला. सासूबाईंनी तो मधेच घेतला, दारापाशी गेल्या आणि रस्त्यापलीकडच्या शाळेच्या फाटकावर रोखून कळ दाबली. पडद्यावर फाटक आलं, जरासं तिरकं.

"फाटकावरच्या वेलीचं शेवटचं पान तू नेहमी उजवीकडे वळवतेस," त्या म्हणाल्या. "पोस्टाच्या फाटकालाही तसंच आहे. दवाखान्याच्याही."

ही फाटकं आपण केली, हे सुनेने घरी कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"आई, पण तुम्ही तर सगळ्यांना ऑफिस..."

"सांगायचे. चुकतच होतं ते." सासूबाई अजून पडद्याकडेच पाहत होत्या. "ऑफिसातल्या बाईचं काम असं रस्त्यावर उभं दिसतं का कुठे?"

सुनेने त्यांच्या गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा नीट अडकवला.

"चल, ऊन आहे तोवर पोस्टाचंही घेऊ," म्हणत सासूबाई पायरी उतरल्या. सूनही ताठ मानेने त्यांच्यामागे निघाली. पैसे द्यायचे राहिलेत हे दोघींच्या लक्षात आलं, ते दुकानदार खाकरला तेव्हा.