परक्या हद्दीतले गाऱ्हाणे

"ह्या गावचो राखणदार कोण गो?" किल्ल्याच्या तटावर दम खात लवूने लेकीला विचारले.

सेतुबलचा तो जुना किल्ला दाखवायला किशोरीने त्याला लिस्बनहून मुद्दाम आणले होते. लवूला किल्ला आवडला होता, पण त्याने तसे कबूल केले नाही. ज्याने भर समुद्रातला सिंधुदुर्ग पाहिला आहे, तो टेकडीवरच्या किल्ल्याला सहजासहजी मान देतो थोडाच!

किशोरी लिस्बनच्या इस्पितळात नर्स होती. यंदा तिने तिथे घर घेतले आणि ती आता परत यायची नाही, हे लवू समजला. उद्या त्याचे परतीचे विमान होते आणि जिवाला एकच घोर होता. लेकीला इथली वेस राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या पदरात घातल्याशिवाय जायचे कसे? गावी, तोंडवलीच्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान त्याच्या घराण्याचा. कुणाची म्हैस हरवो नाहीतर मुलगी सासरी जावो, देवापुढे शब्द टाकायचा तो लवूने. पण हद्द कुणाची हेच ठाऊक नसेल, तर सुरुवात कुणाच्या नावाने करायची?

किशोरीने त्याला किल्ल्यातले निळ्या फरश्यांचे इवलेसे चर्च दाखवले. लवूने चपला काढून भक्तिभावाने नमस्कार केला. तरी त्याचे समाधान झाले नाही. हा झाला घरातला देव. वेशीवर फेरी मारणारा कोणी वेगळाच असणार, अशी त्याची खात्री होती.

खाली उतरून दोघे नदीकाठी जेवायला बसली. मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेले तारले मासे आणि खाली पावाचा जाड तुकडा. बाबा नाक मुरडणार, अशी किशोरीला धास्ती होती. लवूने पहिला तारला काट्यापुरता उरवला, मग दुसरा, मग तिसरा. पावात मुरलेले तेलसुद्धा सोडले नाही.

"मसालो नाय, तरी बरे लागतत," तो म्हणाला. मालवणी माणसाकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

चौथा तारला त्याने पावासकट सॅलडच्या पानावर ठेवला आणि ते पान घेऊन तो पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. किशोरी समजली आणि लाजेने अर्धमेली झाली. आजूबाजूला माणसे जेवत होती. तरी ती मागोमाग गेली, कारण गाऱ्हाण्याला होकार देणारे निदान एक तरी माणूस लागते. गावात सगळा मेळा "व्हय म्हाराजा" म्हणतो. इथे ती एकटीच होती.

"ह्या हद्दीचो जो कोण धनी आसात, त्येका माजा सांगणा आसा," पान खाली ठेवून लवूने खणखणीत सुरुवात केली. "नाव म्हायत नाय, रागावू नको. ही माजी पोरगी आता तुजी रयत. आडवाटेक गेली तर हात धर, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," किशोरी पुटपुटली.

"ती दुसऱ्यांची दुखणी काढता. ती आजारी पडली तर तू उशाक बस, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता तिला कुणाची लाज वाटत नव्हती.

"आनी तिची वाट आमी आता बघूचव नाय. हयसरचीच म्हणान सांभाळ, रे म्हाराजा."

किशोरीच्या तोंडून शब्द फुटेना. लवूने मागे वळून पाहिले नाही. होकार आल्याशिवाय गाऱ्हाणे पुरे होत नाही, म्हणून तो हात जोडून तसाच उभा राहिला.