ब्रेकाचा आवाज

"काकी, वाटीभर खोबरेल दे गं. ब्रेकात सोडतो."

शेजारच्या मोरूने अंगणात फटफटी स्टँडवर चढवली होती. तांदूळ पाखडता पाखडता पारूबाईचा हात थांबला.

"ब्रेकात तेल? डोकं ठिकाणावर हाय ना रं तुझं?"

"मग काय करू? केवढ्यानं चिरकतो! सगळं भिसेगाव हसतंय."

"हसू दे. जुनी गाडी हाय, बोलणारच. राहू दे तशीच."

हे शेवटचं ती जरा घाईनेच बोलली.

फटफटी तिच्या नवऱ्याची, काळूरामची. पठ्ठ्याला वेगाचं भारी वेड. खोपोलीच्या कारखान्यातून सुटला की वारा प्यायल्यासारखा यायचा. घरावरच्या उताराला लागला की मात्र इंजिन बंद! तेवढंच पेट्रोल वाचतं म्हणे. गाडी गुपचूप खाली घरंगळायची आणि दारात ब्रेक लागला की चिंऽऽ! तो आवाज आला की पारूबाई चहाचं आधण ठेवायची. एकदा तो ब्रेक साफ करायला बसला, तर हिनेच त्याला उठवलं. "आवाज गेला तर तुमी आलेलं मला कळायचं कसं?" काळूराम हसला आणि त्याने हात धुऊन टाकले.

काळूराम गेला. मूलबाळ नव्हतं. फटफटी मोरूने घेतली, आणि उतारावर इंजिन बंद करायची काळूरामची रीतही उचलली. मग काय, रोज संध्याकाळी चिंऽऽ! आणि रोज पारूबाईच्या पातेल्यात दोन कपांचं पाणी. येणारा मोरू आहे हे तिला का कळत नव्हतं? पण त्या आवाजासरशी घर क्षणभर भरल्यासारखं वाटायचं. दोन्ही कप मग तीच प्यायची.

"हसण्याचं सोड गं काकी," मोरूचा आवाज उतरला. "काल कुंभिवलीच्या रस्त्याला म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला तर नीट लागेचना. मागं जना बसलेली."

जना म्हणजे मोरूची बायको. सातवा महिना चालू होता तिला.

पारूबाईने सूप खाली ठेवलं. उठून ती गाडीपाशी आली.

"तेल घातलंस तर लागतोय तेवढा पण जायचा. चाक काढ."

काळूराम गाडी खोलायचा तेव्हा त्याच्या शेजारी पाने-पकड धरून ती कितीदा तरी बसली होती. मोरूने चाक काढलं. आत काळी भुकटी साचलेली, ब्रेकाचे पट्टे घासून गुळगुळीत झालेले. तिने भुकटी फडक्याने पुसली, काळूरामच्या डब्यातून पॉलिश पेपर आणला आणि पट्ट्यांची चकाकी जाईपर्यंत स्वतः घासत बसली. हात दुखले तरी पेपर काही मोरूला दिला नाही.

चाक बसवून, वायर आवळून मोरू एक चक्कर मारून आला. दाबल्या जागी गाडी उभी. आवाज म्हणून नाही.

"काकी, जादू केलीस गं!"

"जादू कसली मेल्या. जनाला जपून ने."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चुलीपाशी कान देऊन बसली. अंधार पडला. आला कसा नाही अजून हा? इतक्यात भिंतीपलीकडून जनाचं हसू आलं, आणि पाठोपाठ मोरूचा आवाज. तो केव्हाचाच येऊन जेवायला बसला होता.

सुखरूप आला. बरं झालं, बाई. बरंच झालं. असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

मग डोळे पुसून ती उठली. सवयीने तांब्यातलं पाणी पातेल्यात ओतलं, जरा थांबली, आणि त्यातलं अर्धं परत तांब्यात घातलं.